भुरीला शिकवलेली ड्रिल

१९७८ च्या जुलैत माझी पलटण उत्तरेच्या सीमेवर होती. मी नाईक, सिग्नल सेक्शनमध्ये. दोन महिन्यांची वार्षिक रजा मंजूर झाली आणि मी काळी ट्रंक घेऊन परभणी स्टेशनवर उतरलो. पुढे एसटीने गंगाखेड, राणीसावरगाव आणि तिथून दोन कोस पायी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे आजही माझी माणसं राहतात.

घरी फक्त बा होता. पेन्शनर हवालदार किसन. पासष्टच्या लढाईत त्याच्या मांडीत स्प्लिंटर घुसला, तेव्हापासून तो लंगडायचा. माय मी रिक्रूट असतानाच गेली. मला पोरगी बघायला म्हणून बोलावलं होतं. पोरगी राहिली बाजूला, पहिल्याच सकाळी बानं माझ्यापुढे मांजर ठेवली. भुरकी, अंगानं चिंधी, पण नजर कर्नलची. पाय सुतळीनं खाटेला बांधलेला.

प्रकरण साधं नव्हतं. भुरी दोनदा गावात जाऊन दिगंबररावांच्या चुलीपाशी दूध प्याली होती. दिगंबरराव गावातले मोठे शेतकरी. आमची वस्ती गावकुसाबाहेर. आमच्या घरची मांजर त्यांच्या चुलीला शिवली, हा गुन्हा. दुसऱ्या वेळी ते स्वतः वस्तीवर आले आणि भर चौकात त्यांनी बाच्या तोंडात मारली. बानं हे मला शिधा मोजून द्यावा तसं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाला, "आता मारलं तर मी हात धरीन त्येचा. मग सगळ्या वस्तीला भोगावं लागंल. हिला घरात राह्यला शिकिव."

मांजर शिकवायची विद्या मला पोस्टवर मिळाली होती. तिथे उंदीर फील्ड टेलिफोनची वायर कुरतडायचे, म्हणून सेक्शननं मांजर पाळली होती. आमचा लंगर हवालदार, म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणारा, तिचा उस्ताद. त्याचं म्हणणं, मांजर रिक्रूट नाही, तिला शिक्षा कळत नाही. मारलंत तर ती फक्त तुमचा हात ओळखायला शिकते. बरोबर वागली की तीन मोजायच्या आत तोंडात घास पडला पाहिजे. चौथ्याला दिलात तर कशाबद्दल दिला हे तिला समजत नाही. हुकमाचा आवाज एकच, आणि तो दुसऱ्या कशासाठी वापरायचा नाही. शेलिंग सुरू झालं की तो मगवर चमचा दोनदा वाजवायचा, मांजर धावत येऊन रिकाम्या अ‍ॅम्युनिशन बॉक्समध्ये बसायची आणि आम्ही बंकरमध्ये शिरायचो.

मी आधी सुतळी सोडली. बा दुपारी एकदाच भाकर टाकायचा, म्हणून पहाटे ती भुकेनं गावात जायची. मी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशा दोन वेळा लावल्या. जुन्या घमेल्यात नदीची वाळू भरून कोपऱ्यात ठेवली. ती ट्रंकेवर नखं काढायची, तर दाराच्या मेढीला काथ्या गुंडाळून दिला. चावली की हात ओढायचा नाही, तसाच ठेवायचा आणि उठून निघून जायचं. बाला हे काही केल्या जमेना. तो चप्पल फेकायचा आणि मग दोन दिवस मांजरीची समजूत काढत बसायचा. पासष्टच्या लढाईतला गडी आणि मांजरीपुढे असा हतबल, मला फार हसू यायचं.

त्यानंतर पत्र्याचा मग आणि चमचा. बाजारातून सुकट आणली. ट्रंकेचं झाकण उघडं ठेवायचं, दोनदा वाजवायचं, ती आत बसली की सुकट द्यायची. आधी दोन हातांवरून, मग अंगणातून, मग विहिरीपासून. बाला मगमध्ये चहा ढवळायची बंदी केली. तो कुरकुरला, पण पेल्यात प्यायला लागला. तीन आठवड्यांत वस्तीमागच्या लिंबाच्या झाडावर असली तरी भुरी आवाजासरशी ट्रंकेत यायची. दिगंबररावांच्या चुलीकडे ती परत गेली नाही. बा वस्तीभर सांगत सुटला, की पोरानं मांजर फालीनला लावली, परेडच्या रांगेत.

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. रेडिओवर बातमी आली आणि चार दिवसांत गाव फिरलं. दुकानदार मीठ देईना. जवळच्या गावात घरं जाळल्याचं कानावर आलं. बानं वस्तीतल्या कर्त्या माणसांना बोलावलं आणि प्लॅटूनला द्यावेत तसे हुकूम दिले. आवाज झाला की बायका, लेकरं, म्हातारी माणसं मागच्या जवारीत. हायब्रीड तेव्हा छातीला लागली होती. कुणी सामानासाठी मागं फिरायचं नाही. बांधावर मी. सगळ्यात शेवटी तो.

ते दुपारी पावणेचारला आले. साठएक माणसं, कुऱ्हाडी, कोयते, रॉकेलचे डबे. आठ दिवस पाऊस नव्हता, गवताची छपरं वाळली होती. पहिलं छप्पर मिनिटात पेटलं. माणसं ठरल्याप्रमाणे जवारीत शिरली. आमचे गोविंदकाका संधिवाताचे, त्यांना पळता आलं नाही. विहिरीपाशी त्यांना गाठलं आणि कोयत्यानं हात कोपरापासून तोडला. मी आणि बानं त्यांना ओढत बांधापर्यंत आणलं. मी पटक्यानं दंड आवळला. रक्त थांबेना, पुन्हा आवळला. आमची रांग अजून पेटली नव्हती, पण शेजारचं छप्पर धडाडून जळत होतं.

भुरी तेव्हा लिंबावर होती. शेपूट फुगलेली, पण सुखरूप. तिथे आग पोचणार नव्हती. बानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दी. ती लय शहाणी हाय."

माझ्या झोळीत लेकरांना पाणी पाजायला घेतलेला मग आणि चमचा होता. मला वाटलं, हाक मारली तर ती माझ्यापाशी येईल, बाचा जीव शांत होईल. मी चमच्यानं दोनदा वाजवलं. एवढ्या आरडाओरड्यात तिला ते ऐकू गेलं. ती झाडावरून उतरली, माझ्या पायाजवळून गेली आणि सरळ घरात शिरून ट्रंकेत बसली. मी तिला माझ्याकडे यायला कधी शिकवलंच नव्हतं. ट्रंकेत जायला शिकवलं होतं. त्याच वेळी आमच्या छपरानं पेट घेतला.

बा उठला. मी त्याचा दंड धरला.

"मी जातो, बा."

"नाईक, पोझिशन सोडायची न्हाई. मागं लेकरं हायत. हुकूम हाय."

त्यानं हात सोडवला आणि लंगडत गेला. मी जागचा हललो नाही. नऊ वर्षांच्या नोकरीत मी एकही हुकूम मोडला नव्हता, आणि मागं जवारीत एक तान्हं रडायला लागलं होतं.

बा ट्रंक खांद्यावर घेऊन बाहेर आला. झाकण लावलेलं होतं. पाठीवर सदरा जळत होता. अंगणात दिगंबरराव आणि आणखी दोघं उभे होते. त्यांना वाटलं असेल, ट्रंकेत पेन्शनचा पैसा आहे. बानं ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यापुढे आडवा उभा राहिला. पहिला घाव मानेजवळ बसला. तो ट्रंकेवर पडला, तरी मारत राहिले. मी सात घाव मोजले. मोजण्याशिवाय मला दुसरं काही करता येत नव्हतं, आणि ते मोजणं आजही थांबलेलं नाही.

मग ते तिघं जवारीकडे वळले. आता ते माझ्या पोझिशनवर येत होते. पहिल्याच्या गुडघ्यावर मी काठी घातली, हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्याचा जबडा फोडला. तो पडल्यावरही मी मारलं, हे लपवत नाही. दिगंबरराव मागं सरकले. फौजी मारायलाय म्हणून कुणीतरी ओरडलं आणि जमाव लुटीच्या सामानाकडे फिरला. साडेपाचला पोलिसांची जीप आली.

बा आणि गोविंदकाका यांना एकाच बैलगाडीत घालून गंगाखेडला निघालो. वाटेत बानं डोळे उघडले.

"माणसं किती?"

"बेचाळीस. समदी हायत."

"बरं," तो म्हणाला. मांजरीचं त्यानं विचारलं नाही. राणीसावरगावच्या अलीकडे त्याचा श्वास थांबला. गोविंदकाका एका हातानिशी पुढे वीस वर्षं जगले.

अंगणात राहिलेली ट्रंक मी दुसऱ्या दिवशी गंगाखेडहून परतल्यावर उघडली. भुरी आत बसून होती, जिवंत. तिच्यावर मी रागावू शकलो नाही. शिकवणारा मी होतो. नंतर गोविंदकाकांच्या बायकोनं तिला सांभाळलं. त्या तिला बोलावतच नसत, ती आपल्या मर्जीनं यायची.

खटला चालला. साक्षीला गावातलं कुणी उभं राहिलं नाही, दिगंबरराव सुटले. मी रजा संपवून पलटणीत हजर झालो. सीओ साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पुढे मी नायब सुभेदार होऊन ब्याण्णवला पेन्शनवर आलो.

दरवर्षी पलटणीच्या स्मारकापुढे शहिदांची नावं वाचतात. रँक, नाव, कुठे पडले ते ठिकाण. पेन्शनर माणूस आपल्या अंगणात मेला तर त्याचं नाव तिथे कोरत नाहीत, तसा नियम आहे, आणि तो मी मान्य करतो. वाचन संपून बिगुल वाजायच्या आधी थोडी शांतता असते. तेवढ्यात मी मनातल्या मनात म्हणतो: हवालदार किसन. ठिकाण, स्वतःचं गाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. मारणारे ओळखीचे.