विहिरीतला गुलाबी रंग

अचलपूरजवळच्या आमच्या गावात सासूबाईंना आपल्या विहिरीचा फार अभिमान. पाहुणा आला की चहाआधी तांब्याभर पाणी पाजून त्या विचारत, "कसं वाटलं?" गोड आहे म्हटल्याशिवाय त्याची सुटका नसे.

एका पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांचीच पोटं बिघडली. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी विहिरीचं पाणी तपासणीचं औषध असलेल्या एका छोट्या बाटलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते काळं पडलं.

"पाण्यात संडासाची घाण उतरली आहे," त्या म्हणाल्या. "खड्डा जवळच असेल. सध्या या विहिरीचं पाणी पिऊ नका."

सासूबाईंनी लगेच कुंपणापलीकडच्या काकूंकडे बोट दाखवलं. "त्याईचाच खड्डा असन. आपला त म्या सोता उभं राहून खोदून घेतला."

काकू अंगणात भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भांडता काहून बाई? धुळवडीचा रंग उरला असन ना तुमच्याकडं? माह्या खड्ड्यात हिरवा टाकू, तुमच्यात गुलाबी. विहिरीत कोनता येते ते पाहू."

सासूबाईंना पैज फारच आवडली. दोघींनी एकमेकींच्या देखत रंगाच्या पुड्या आपापल्या संडासात रिकाम्या केल्या आणि वरून बादल्या ओतल्या. मग रोज सकाळी दोघी विहिरीवर हजर. पाणी आपलं नितळच. सासूबाईंचा आवाज रोज थोडा चढत गेला.

मग रात्रभर पाऊस झाला. सकाळी मी बादली ओढली, तर पाणी फिकट गुलाबी. मला हसू आवरेना. "आई, जरा पाहता का?"

त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, उजेडात धरून पाहिलं. काकूंनीही वाकून पाहिलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "काकू, चहा माह्याकडं प्या. पन पानी तुमच्या नळाचं आना."

तिघीही पोट धरून हसलो.

तो खड्डा उपसून, चुना टाकून बुजवला. नवा खड्डा परसाच्या पार टोकाला, विहिरीपासून खालच्या उताराकडे घेतला, तोही उथळ, म्हणजे घाण जमिनीतल्या पाण्यापर्यंत पोचणार नाही. तो होईपर्यंत आमचं सगळं घर काकूंच्या संडासात जात होतं. "या, या, हिरव्या पार्टीत," म्हणत त्या दार उघडून देत.

उन्हाळ्यात विहीर उपसून साफ केली. पुढच्या पावसाळ्यात बाटली काळी झाली नाही. आता आरोग्य केंद्रातल्या बाई गावात फिरतात तेव्हा सासूबाई पदर खोचून त्यांच्यासोबत निघतात, आणि प्रत्येक दारात त्यांच्याआधी विचारतात, "खड्डा कुठी हाये वो तुमचा?"