ऑपेराच्या दारातला जाफराबादकर

आमच्या जाफराबादकराला साऱ्या जगात एकच गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे नुसतं बघत बसणं. लग्नाला पाहुणा म्हणून जायचा आणि अक्षता पडून घटकाभर होत नाही तोच पंगतीत वरण वाढताना सापडायचा. स्टँडवर एसटी मागे येताना दिसली, की हा धावत जाऊन तिच्या पत्र्यावर थापा मारीत "आनू द्या, आनू द्या, बस!" करणार. ड्रायव्हर त्याचं ऐकायचे. कंडक्टर मात्र रुसायचे. सत्तरच्या दशकात आम्ही दोघं शिकायला पूर्व जर्मनीला निघालो. मी परतूरचा, तो जाफराबादचा. कापसाच्या मुलखातली पोरं, म्हणून विषय सूतगिरणीचा. जालना स्टेशनवर त्यानं डब्यातल्या यच्चयावत प्रवाशांचं सामान इतक्या शिस्तीत चढवलं, की त्याची स्वतःची ट्रंक तेवढी फलाटावर राहिली. गाडीनं वेग घेतल्यावर ते त्याच्या ध्यानात आलं. "जाऊ दे," तो म्हणाला, "कोट अंगात हाय ना! कोटाखाली काय हाय, ते कोन बघून राह्यलं?"

हा कोट जाफराबादच्या शिंप्यानं शिवला होता. त्या भल्या माणसानं ओव्हरकोट जन्मात पाहिलेला नव्हता. 'थंडी लई असती' एवढ्या वर्णनावर त्यानं तो घोट्यापर्यंत आणला होता आणि कापड उरलं तसतसे खिसे लावत गेला होता. त्या कोटात आमचा गडी तिथल्या बर्फातून एखाद्या चालत्या तंबूसारखा हिंडायचा. वसतिगृहाच्या दारावरच्या म्हातारीला रोज सकाळी खणखणीत 'जयभीम' घालायचा. हिवाळा संपेपर्यंत तीच त्याला आधी "यापीम" म्हणायला लागली. एकदा आमचे प्राध्यापक गाडी मागे घेत होते, तर यानं मागच्या पत्र्यावर दोन थापा ठेवून दिल्या. बिचारे घाबरून खाली उतरले, कोणाला धडक बसली ते बघायला.

तर अशा माणसाला विद्यापीठानं ऑपेराचं तिकीट दिलं. सगळ्याच परदेशी विद्यार्थ्यांना दिलं होतं. त्या दिवशी त्याचा बरा म्हणावा असा एकुलता एक सदरा धुतलेला होता आणि संध्याकाळ झाली तरी वाळला नव्हता. म्हणून स्वारी बनियनवरच कोट चढवून, गळ्याला मफलर गुंडाळून निघाली. नाट्यगृहात शिरलो आणि कळलं, की ओव्हरकोट बाहेरच्या खिडकीवर काढून द्यायचा. त्याशिवाय आत सोडत नाहीत. खिडकीतल्या जाडजूड बाईंनी हात पुढे केला. यानं कोटाची बटणं मुठीत धरली. "बिलकुल देनार न्हाई," तो मला म्हणाला, "सांग तिला." मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये 'याला थंडी वाजते' असं सांगितलं. 'आत ऊब आहे,' बाई म्हणाल्या. मागे रांग वाढत चालली. शेवटी त्यानं वरची दोन बटणं सोडून बाईंना आतली वस्तुस्थिती दाखवली. बाई हसता हसता स्टुलावर बसल्या. मग आत गेल्या आणि रजेवरच्या द्वारपालाचं जाकीट घेऊन आल्या. तांबड्या रंगाचं, पितळी बटणांचं. जाफराबादच्या शिंप्याला जे साधलं नव्हतं ते त्या जाकिटानं साधलं. ते त्याच्या अंगाला बरोब्बर बसलं.

पण तेवढ्यानं घात झाला. चार पावलं गेलो नाही, तोच एका सद्गृहस्थांनी आपलं तिकीट त्याच्यापुढे धरलं. हा आता खुलासा करील म्हणून मी थांबलो. यानं तिकीट निरखून पाहिलं, "चला" म्हणाला आणि त्यांना थेट खुर्चीपर्यंत पोचवून आला. मग दुसरे आले, तिसरे आले. खऱ्या द्वारपालांनी एक अख्खं दार त्याच्यावर सोडून दिलं. मी आत जाऊन बसलो. शेजारची खुर्ची रिकामी. रंगमंचावर एक धिप्पाड बाई माइकशिवाय असा सूर लावत होती, की छातीत घुमावं. मी वळून पाहिलं, तर हा दारात ताठ उभा, उशिरा येणाऱ्यांना खुर्च्या दाखवत. मध्यंतरात मी म्हटलं, "आता तरी बस गड्या." तर म्हणतो, "बसू कसा? त्या बाहेर गेलेल्या म्हाताऱ्या मावशीला कमी दिसून राह्यलं. तिला हाताला धरून आनायचंय." खेळ सुटल्यावर लोक त्याचे आभार मानत मानत बाहेर पडले.

परतताना बर्फ भुरभुरत होतं.  वसतिगृह दिसायला लागलं तसा तो म्हणाला, "गावात देवळात भजन असलं, की आमचा बा लांब लिंबाखाली उभा राहून ऐकायचा. दारापोतर बी जाता येत नव्हतं त्याला. आज म्या दारात व्हतो, अन् लोकं मला इचारून आत चालले व्हते."

मी परतूरला लहानपणापासून भजनाला आतच बसत आलो होतो.  आम्ही चालत राहिलो.

शिक्षण संपवून आम्ही परत आलो. पुढे कधीतरी औरंगाबादला भेट झाली तेव्हा मी सहज विचारलं, की त्या संध्याकाळची गोष्ट तुझ्या बाला सांगितलीस का.

"सांगायची व्हती," तो म्हणाला. "म्या घरी पोचायच्या आधीच गेल्ता तो." मग चहाचा कप बाजूला सारून म्हणाला, "गानं कसं व्हतं, तेच त्यानं पैलं इचारलं असतं. अन् मला तर लोकं बसवण्यात ते धड ऐकूच आलं न्हाई."