तार गंधाराच्या आधीचा थांबा

तुमचं हे सदर मी नेमाने वाचतो, पण खरं सांगू का… हसायला वाचतो. कोणाला विहिरीवर बाई दिसते, कोणाच्या गाडीला घाटात कोणी हात दाखवतं. मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि दोघं मिळून टिंगल करतो. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी देव्हाऱ्यासोबत भुतंखेतंही घराबाहेर गेली, असं वडील सांगायचे. त्यात मी सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलेला माणूस. आणि स्वभावाने पक्का संशयी. भाजीवाल्याच्या काट्याखाली हात घालून बघणार, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय गोळी गिळणार नाही. "तुमी तं सोताच्या सावलीलेबी आधार कार्ड मागता," असं बायको म्हणते.

म्हणून हे लिहायला मला वर्ष लागलं.

मी ब्रह्मपुरीचा. दिवाळी ते होळी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायची उभी पेटी. आमच्याकडे तिला सगळे नुसतं पेटीच म्हणतात आणि मला मास्तर.

आमच्या कंपनीचे मुख्य गायक नट होते दौलतभाऊ. कुरखेड्याच्या अलीकडच्या एका गावचे, धिवराचं घर. लहानपणी तलावात जाळं टाकताना या काठावरून त्या काठावरच्या काकाला हाक मारायचे, तीच त्यांची शाळा. गाणं शिकले ते फार उशिरा. पण आवाज! काळी चार स्वरात, म्हणजे इतक्या उंच पट्टीत, गाणारा पुरुष आजकाल शोधून सापडत नाही. हे गडी त्या पट्टीत असं गायचे की जसं आपण शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलतो. माईकपासून दोन पावलं मागे उभे राहायचे, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्दन् शब्द कळायचा. नुसते चढे सूर लावणारे गायक मी रग्गड पाहिले. दौलतभाऊ वर चढले की आवाज पातळ व्हायचा नाही, उलट भरायचा. आणि अभिनय सुटायचा नाही. रडायच्या जागी गळा भरून यायचा, पण सूर तसूभर हलायचा नाही. ते कसं जमायचं, हे अठरा वर्षं साथ करूनही मला कळलेलं नाही. मी त्या माणसाच्या गाण्यावर जीव टाकायचो, हे सरळच सांगतो.

एका नाटकात त्यांचं शेवटचं पद होतं. नाटकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या पदात ते तार सप्तकाच्या गंधाराला जायचे, आणि गंधाराच्या अगदी आधी… थांबायचे. पापणी लवेल इतकंच. तेवढ्या वेळात शेंगा फोडणारेही हात थांबवायचे. मग तो गंधार यायचा आणि 'वन्स मोर' सुरू. तो थांबा सगळ्या झाडीपट्टीत गाजला. दुसऱ्या कंपन्यांचे गायक त्याची नक्कल करायचे. कोणी म्हणे दम साधतात, कोणी म्हणे खास रियाज आहे.

खरं काय ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. वडशाच्या रस्त्यावर माझी पेटी टेम्पोतून पडली होती. दोर मीच बांधला होता, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही ना! त्यानंतर तिचा नेमका तो गंधार उशिरा बोलायला लागला. पट्टी दाबली की आधी नुसता वारा, मग सूर. मालकांना मी "काहीच झालं नाही" असं ठोकून दिलं. ते पद नवं होतं. पहिल्याच प्रयोगात दौलतभाऊंच्या लक्षात आलं की ते सरळ गायले तर पेटी मागे पडते आणि चार हजार लोकांसमोर मास्तर उघडा पडतो. दुसऱ्या खेपेला मी पट्टी दाबली आणि वारा सरून सूर येईपर्यंत ते थांबले. पेटीसाठी थांबले. माझ्यासाठी. मी म्हटलं, पेटी नागपूरला नेऊन दुरुस्त करतो. तर हसून म्हणाले, "राहू द्या मास्तर. लोकायले आवडून राह्यलं ना!"

आणि मीही राहू दिलं. अठरा वर्षं! लाज वाटते, पण राहू दिलं.

दौलतभाऊ मागच्या वर्षी आखाडात गेले. हृदयाचं दुखणं होतं. शेवटच्या भेटीत माझा हात धरून एकच गोष्ट बोलले, "मास्तर, माह्या मागं माही टेप लावू देऊ नोका. आवाज मानसाचा असते, डब्ब्याचा नाई." मी शब्द दिला. ते गेल्यावर महिन्याभरात मी गुपचूप पेटी नागपूरला नेली आणि तो सूर नीट करून आणला. आता कोण थांबणार होतं माझ्यासाठी? हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पेटी सुधरली म्हणायचं तर आधी बिघडली होती हे सांगावं लागलं असतं.

दिवाळीनंतर त्यांच्याच गावच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, तेच नाटक लावायचं ठरलं. मालक गुलाबभाऊ म्हणाले, दौलतभाऊंचं काम त्यांचा मुलगा विलास करेल. विलास ब्रह्मपुरी-कुरखेडा काळी-पिवळी टॅक्सी चालवतो. गळा गोड, पण बेताचा. बापाचा थांबा मात्र त्याने घोटून घोटून पाठ केला होता. काळी चारला पोराचा जीव जायचा, हे मालकांनाही कळत होतं. त्यांनी एकदा हळूच म्हटलंही होतं, "विलासनं नुसतं तोंड हालवावं. मांगून दौलतभाऊची टेप सोडू."

मी साफ नाही म्हटलं. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. दोन दिवसांनी विलासच्या गाडीत एक काळा छोटा स्पीकर दिसला. "हे काय रे?"

"प्याशिंजरले गानं लागते ना, मास्तर."

पटलं नाही मला. मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो.

मंडईच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही गावात होतो. धान कापलेल्या शेताच्या बांधीत प्रेक्षकांच्या बैठकीसाठी मोठा खड्डा खोदला होता, समोर फळ्यांचं स्टेज. पडदे बांधायचे होते. विजेची लाईन सकाळपासून गेलेली, साऊंडवाल्यांचा टेम्पो अजून यायचा होता. स्टेजवर विलास, खाली पेटीवर मी, आणि खड्ड्याच्या काठावर चहाची किटली घेऊन बसलेल्या शेवंताबाई — दौलतभाऊंच्या बायको. बाकी मंडळी गावात जेवत होती.

"मास्तर, येक डाव पद मारू," विलास म्हणाला.

मी भाता मारला. पहिलं कडवं त्याने ओढूनताणून काढलं. दुसऱ्याला तो वर जायला लागला, माझी नजर पट्ट्यांवर. आणि गंधार आला.

तो विलासचा नव्हता हो. भरलेला, गोल, जराही जोर न लावलेला… अठरा वर्षं ज्याच्याखाली मी बोटं ठेवली तो आवाज. मला भीती वाटली नाही. संताप आला! म्हटलं, केलाच शेवटी दगा. मी दोन्ही हात पेटीवरून उचलले. पदाच्या मध्ये साथीदाराने हात उचलणं म्हणजे आमच्यात गायकाच्या थोबाडीत मारण्यासारखं. तरी आवाज चालूच. पेटीशिवाय ती तान सरसर खाली आली, समेवर टेकली आणि संपली.

वर बघतो तर विलास छातीवर हात धरून उभा. तोंड बंद.

"मास्तर… माहा तं दम तुटला होता. मी गंधाराले लागलोच नाई. कोन गायलं?"

मी बोलणार, तेवढ्यात शेवंताबाई उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्यावरच कडाडल्या, "मास्तर! त्यायच्या गान्यात हात काहाडला तुमी पेटीवरून?"

मी स्टेजवर चढलो. विलासचे खिसे तपासले, मोबाईल बघितला, तो बंद होता. फळ्यांखाली वाकून पाहिलं. तिकडे रस्त्यावर त्याच्या गाडीपर्यंत धावत गेलो. स्पीकर सीटखाली होता, बटण दाबलं तर चार्जिंगच नाही. तरी मी ओरडत होतो, "कुठी लपवलं सांग! तुह्या बापाले शब्द देल्ला होता मी!"

"बाप माहा होता, मास्तर," विलास म्हणाला. "आन् तुमी मले माह्याच गावात चोर म्हनून राह्यले."

आरडाओरडा ऐकून माणसं जमली. गुलाबभाऊ हातही न धुता आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा फुलला. "टेप लावली? मंग चांगलंच झालं ना! रातीबी तशीच लावा, कोनाले समजते?"

लोक हसले. विलासचे डोळे भरून आले. कंबरेला बांधलेला शेला सोडून त्याने फळीवर ठेवला आणि म्हणाला, "मी नाई गात. अख्खं गाव म्हनन, बापाची टेप लावून नाचला."

आता मागे हटेल तो मी कसला? म्हटलं, थांब, सगळ्यांसमोर पकडतो. दौलतभाऊंच्या त्या पदाचं एकच रेकॉर्डिंग सगळ्यांकडे फिरतं, माझ्याही मोबाईलमध्ये आहे. "आयका," मी म्हटलं, "आता वाजलं ते हेच असन. जसंच्या तसं." आणि लावलं.

पद वर गेलं. गंधार जवळ आला. दौलतभाऊ थांबले… आणि मग गंधार.

"हेच तं हाय!" गुलाबभाऊ म्हणाले.

मी मात्र पद मागे नेऊन तेवढाच तुकडा पुन्हा लावला. कारण मघाशी थांबा नव्हता. आवाज सरळ गंधारावर गेला होता, माझं बोटही त्याच क्षणी पट्टीवर पडलं होतं आणि दुरुस्त झालेली पेटी त्याच्यासोबत बोलली होती. दोघं एकदम! रागाच्या भरात माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. ते पद दौलतभाऊ माझ्या पेटीवर थांब्याशिवाय फक्त पहिल्या प्रयोगात गायले होते. तेव्हा पेटी मागे पडली होती आणि रेकॉर्ड कोणीच केलं नव्हतं.

विलासच्याही लक्षात आलं. तो थांबा त्याने जन्मभर घोटलेला. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "मंघा बाबा थांबले नवते."

"थांबले असन, तुले समजलं नसन," गुलाबभाऊ म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. विलास चोर नाही हे फक्त मलाच सिद्ध करता येत होतं, आणि त्यासाठी मला काय सांगावं लागणार होतं ते तुम्हाला कळलंच असेल. अठरा वर्षांची अब्रू होती. मग फळीवर पडलेला तो शेला दिसला.

मी खाली जाऊन पेटीवर बसलो, गंधाराची पट्टी दाबली, आणि सगळं सांगितलं. टेम्पो, दोर, खोटं, थांबा, नागपूर… सगळं. बोलताना मला रडू आलं, ते लपवत नाही.

मग गुलाबभाऊ म्हणाले, "म्हंजे अठरा वर्सं आमी तुमच्या पेटीच्या खराबीले वन्स मोर देल्ला काय?"

"नाही," मी म्हटलं. "दौलतभाऊंच्या मनाला दिला."

शेवंताबाईंनी मला चहा ओतून दिला. मी विचारलं, "वहिनी, भाऊंनी तुम्हाला कधी हे सांगितलं होतं?"

"कायले सांगतीन? तुमचं होतं ना ते," त्या म्हणाल्या. विलासने शेला उचलला, कंबरेला बांधला आणि मला विचारलं, "मंग आता मी थांबू का नोको?"

"नको थांबू. पेटी सुधरली."

रात्री तो स्वतःच्या आवाजात गायला. बापापेक्षा खालच्या पट्टीत, काळी दोनला, सरळ, न थांबता. मागून कोणीतरी ओरडलंच, "बापासारका थांबला नाई रे!" वन्स मोर आला नाही. पण पोराने पद शेवटपर्यंत नेलं, आणि मी एकदाही हात उचलला नाही.

वर्ष झालं. माझी खोड जात नाही, मी चौकशी सोडलेली नाही. नागपूरच्या कारागिराला जाऊन विचारलं. तो दौलतभाऊंना ओळखतही नाही आणि त्याने ही गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. तलावावरून घुमून आवाज येतो का, म्हणून भरदुपारी काठावर उभा राहून एकाला ओरडायला लावलं. विलासवर, गुलाबभाऊंवर, अगदी शेवंताबाईंवरही संशय घेऊन झाला. माझ्याच कानांनी दगा दिला म्हणावं, तर तिघांनी ऐकलं होतं. एखाद्या वाचकाला काही सुचत असेल तर कळवा, मी हसणार नाही.

पण कळवण्याआधी एका गोष्टीचा विचार करा. दौलतभाऊ गेले तेव्हा पेटी बिघडलेलीच होती. ती सुधरल्याचं मी त्या दुपारपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग आता थांबायची गरज नाही, हे त्यांना कोणी सांगितलं?