धुऱ्यावरचा बिबट्या

नसरीन चालता चालता मध्येच थांबायची आणि समोरच्या माणसाला सोडून त्याच्या सावलीकडे टक लावून पाहायची. आमच्या अनसिंग गावात बऱ्याच जणांना हा उद्धटपणा वाटे. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "सर, सावली चुकली का सारंच खोटं दिसते."

नववीनंतर तिनं शाळा सोडली होती. अब्बा शिंपी. दुकानामागच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरवर ती कंपोझिटिंग शिकायची. म्हणजे वेगवेगळ्या वेळी टिपलेली चित्रं एकाच दृश्यात अशी बसवायची, की सांधा दिसू नये. शिकवायला कुणी नव्हतं. इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून, डोक्यात शिरेपर्यंत पाहायची. तिला शाळेत परत न्यायला मी, तिचा गणिताचा मास्तर, तीनदा गेलो. दर वेळी चहा पाजून तिनं मला वाटेला लावलं.

मग गावात बिबट्या आला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून ऐटीत चाललेला, सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. ऐन सोयाबीन कापणीत मजूर शेतात पाय ठेवेनात. वनखात्याची गाडी आली, तेव्हा नसरीन आपणहून पुढं झाली.

"थो बिबट्या म्या बनवला, साहेब. शिकाले म्हणून. मैतरणीले पाठवला, त थो गावभर गेला."

अब्बा भडकले. "बंद कर थे कॉम्प्युटर! उद्यापासून सरांसंगं गुमान शाळेत जाय!"

पण बिबट्या खोटा होता, हे गावाला पटेना. शेवटी कॉम्प्युटर दुकानाच्या ओट्यावर आणला. तिनं दृश्याचा एकेक थर काढला. सावली गेली, ठिपके गेले, आकार लहान झाला. उरली ती शिंप्याची मांजर! वनरक्षकासकट सगळे पोट धरून हसले.

"थांबा, इथं माही चूक हाय," ती म्हणाली. "बिबट्याच्या पायाखाली गवत दबाले पायजे. हे मांजरीयेवढंच दबून राह्यलं. तुमाले दिसलं नाई, पन मले दिसते."

मी थक्क झालो, आणि शरमलोही. इतकी वर्षं फळ्यावर गणितं सोडवली. चुकलं की पोरांच्या लक्षात येण्याआधी डस्टर फिरवायचो. ही पोर अख्ख्या गावापुढं कुणाला न दिसलेली चूक बोट ठेवून दाखवत होती.

"सर, सांगा आता," अब्बा म्हणाले, "उद्या किती वाजता पाठवू हिले?"

"उद्या नको," मी म्हणालो. "आधी तिला ते गवत दाबू द्या."