आक्काच्या मशीनचं पायडल

जांबोटीच्या आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, मला तिच्या पायडलच्या मशीनवर शिवणकाम शिकवलं. त्याच जोरावर बेळगावात, कॅम्पात माझं दुकान उभं राहिलं. पहिल्या कमाईतून मी तिच्या मशीनला मोटार बसवून दिली आणि आता कशाला लागतंय म्हणून पायडल काढून घेऊन आले. एवढी अक्कल पाजळली.

पावसाळ्यात जांबोटीला गेले, तर तिथं चार दिवस लाईट नव्हती. आक्का एका हातानं मशीनचं चाक फिरवत, दुसऱ्या हातानं कापड सरकवत ब्लाऊज शिवत होती.

"सांगायचं न्हाय व्हय गं?" मी चिडूनच विचारलं.

"एवढ्या हौसेनं दिलीस. मोटार लई चांगली हाय, लाईट तेवढी येत न्हाय."

दुसऱ्याच दिवशी बेळगावाहून पायडल बसमध्ये घालून तिच्याकडं परत नेलं.

माझ्या दुकानातली लाईट क्वचितच जाते. आक्काचे दोन ब्लाऊज होतात तेवढ्या वेळात माझे पाच होतात. हाताला वळण तर तिनंच लावलेलं. गावाकडं सगळे म्हणतात, दोघींत धाकटी हुशार निघाली. हुशार आक्काच आहे. माझ्याकडं लाईट आहे.