मामेसासऱ्यांचं नाक

माझ्या मामेसासऱ्यांसारखं नाक साऱ्या विदर्भात दुसरं झालं नाही आणि माझ्यासारखा थापाड्या जावईही त्यांच्या घराण्यात दुसरा आला नाही. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दुसरी मी बरीच वर्षं झाकून ठेवली होती.

मामा काटोलचे, आणि त्यांचा धंदाच मुळी वास घेण्याचा. संत्र्याच्या बगिच्याचा सौदा ठरण्याआधी व्यापारी त्यांना गाडीत घालून घेऊन जात. मामा एक फळ तोडत, नखानं साल जराशी खरवडत, डोळे मिटून नाकाशी धरत आणि सांगत, की हे फळ अजून दहाबारा दिवस झाडावर राहू द्या, किंवा या बागेला पाणी जास्त झालंय, माल वाटेतच सडेल. त्यावर कोणी वाद घालत नसे. पण हे नाक घरी आल्यावरही स्वस्थ बसत नसे, हीच पंचाईत होती. लग्नाच्या पंगतीत वरण वाढायला येण्यापूर्वीच ते यजमानाला बाजूला घेऊन वरण बुडाशी लागल्याचं कळवत. नवा शर्ट हुंगून तो दुकानात किती पावसाळे पडून होता ते सांगत. आम्ही शहराबाहेर हुडकेश्वरला प्लॉट बघायला गेलो, तेव्हा दलालानं नकाशा उलगडेपर्यंत मामांनी चिमूटभर माती हुंगून "इथं पाणी थांबते" असा निकाल दिला. मी शिकलेला माणूस, वासावर विश्वास कसा ठेवणार? मी तो प्लॉट घेतला. पुढच्या पावसाळ्यात तिथं कोणाच्या तरी म्हशी सुखानं डुंबत होत्या आणि मी धरमपेठेतल्या भाड्याच्या घरातच राहिलो.

मी मुलगी बघायला गेलो, तेव्हाही हे नाक बैठकीत हजर होतं. घाबरून मी कोपऱ्यावर दोन सिगारेटी ओढल्या होत्या आणि वर मूठभर बडीशेप चावली होती. माझ्या मते बंदोबस्त चोख होता. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर बायकोनं सांगितलं, की मी गेल्यावर मामा आत जाऊन म्हणाले होते, "पोरगा सिगरेट ओढून वरतून सोप खाऊन आला. म्हणजे भीती आहे त्याले. देऊन टाका पोरगी." माझ्या गुणांकडे बघून मला मुलगी दिली, हा गैरसमज त्या दिवशी संपला.

चार वर्षांपूर्वी मामांना ताप आला. ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. घरच्यांना ते कळलं तेव्हा मामा स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि हातभर अंतरावर दूध करपून काळं झालं होतं. व्यापारी येत राहिले. मामांनी त्यांना मोतीबिंदू झाल्याचं सांगून परत पाठवलं. नाक गेलं म्हणायची त्यांना लाज वाटत होती.

डॉक्टरांनी रोज लवंग, कॉफी आणि लिंबू हुंगायला सांगितलं. सहा महिने मामांनी इमानदारीनं हुंगलं आणि मग डब्या फडताळात टाकून दिल्या. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. "लवंग मले पाठ आहे जी. डबी उघडली का डोकंच सांगून टाकते, लवंग. नाक काम करून राहिलं का नाही, हे मले कसं समजन?" त्यांना असा वास हवा होता, जो त्यांनी जन्मात कधी घेतला नव्हता. आणि असा वास एकच उरला होता. नाक बिघडेल म्हणून मामा आयुष्यभर दारूपासून चार हात लांब राहिले होते.

काटोल रोडला एक छोटी वायनरी सुरू झाली होती. तिथं पाहुण्यांना वाइन हुंगायला देतात असं मामांच्या कानावर आलं आणि त्यांनी लगेच मला फोन केला, कारण आमच्या घराण्यातला वाइनचा जाणकार मी. ऑफिसच्या सहलीत एकदा नाशिककडच्या वायनरीत गेलो असताना मी ग्लास तिरपा धरून फोटो काढून घेतला होता, तो फॅमिली ग्रुपवर टाकला होता आणि खाली मोबाइलवर वाचून 'ओकचा गंध, मागाहून व्हॅनिला' असं लिहिलं होतं. ओकचं झाड मी आजतागायत पाहिलेलं नाही. पण तेव्हापासून प्रत्येक साखरपुड्यात कोणी ना कोणी मला वाइनबद्दल विचारायचं आणि मीही खुर्ची ओढून बोलत सुटायचो.

मामांनी बेत सांगितला. ते वास ओळखतील आणि तो बरोबर की चूक, ते मी सांगायचं. दोन वर्षांनी नाक जिवंत आहे की नाही याचा निकाल लागणार होता आणि परीक्षक मी होतो. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "नक्की, मामा."

भाड्याची गाडी करून आम्ही गेलो. वाइन तिथं ज्या बाई बनवत, त्यांनीच आमच्यासमोर ओळीनं ग्लास मांडले, प्रत्येकी पाच. घोट घेऊन थुंकायचा असेल तर शेजारी भांडंही ठेवलं. मामांनी प्यायचं नाही, नुसतं हुंगायचं, असं घरूनच ठरवलं होतं. पैसे भरलेली वस्तू वाया कशी घालवायची, म्हणून त्यांच्या वाट्याचंही मीच पीत गेलो. भांडं कोरडंच राहिलं.

पहिल्या ग्लासात काही नाही. दुसऱ्यातही नाही. तिसरी वाइन संत्र्याची होती. तिच्यावर मामा फार वेळ वाकून बसले, मग ग्लास गुपचूप माझ्याकडे सरकवला. चौथ्यातही काही नाही. पाचवी लाल, तिथली सर्वांत महाग. तिच्यावर मात्र मामा थबकले, पुन्हा वाकले आणि माझ्या कानाशी आले. "जवाईबापू, पावसात भिजलेलं पोतं येऊन राहिलं का तुम्हाले?"

त्यांनी आपला ग्लास माझ्यापुढे सरकवला. आणि मी, आठ ग्लासांच्या जोरावर, दोन्ही ग्लास रिचवून डोळे मिटत म्हणालो, "नाही मामा. ओक आहे. मागाहून व्हॅनिला."

मामांनी मान हलवली, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. बाईंनी मग सहज ती बाटली नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा पडला. बूच खराब निघालं होतं. त्यांनी दोनदा माफी मागितली आणि म्हणाल्या, "अशा बाटलीला ओल्या गोणपाटासारखा वास येतो. तुमच्या लक्षात आलंच असेल."

मी बाहेर गेलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मामांना सांगितलं, की पोतंच होतं. वाइनचं मला काही कळत नाही, कधीच कळलं नाही, सगळं मोबाइलवरचं आहे. त्यांनी दोनदा विचारलं, "पोतंच म्हणाल्या त्या?" मी दोनदा हो म्हणालो. मग ते बराच वेळ रुमालानं तोंड पुसत राहिले. मला वाटलं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार. पण ते म्हणाले, "मी दोन वर्षं लोकाइले मोतीबिंदू सांगून राहिलो. तुम्ही वाइन सांगा. कोणाले बोलू नका."

मी मात्र त्या रात्रीच फॅमिली ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. अजून हसताहेत लोक.

मामांना आता जळलेलं दूध कळतं, फिनाइल कळतं, गटार तर फार लांबून कळतं. चांगले वास उशिरा येतात, असं डॉक्टर म्हणतात. संत्रं अजून आलेलं नाही. हिवाळ्यात मी काटोलला गेलो, की मामा एक फळ सोलतात, साल स्वतःच्या नाकाशी धरून वाट बघतात आणि मग ती माझ्यापुढे करतात.

"तुम्हाले येऊन राहिला ना?"

"येतोय, मामा."

"मंग ठीक आहे," म्हणतात आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवतात.