पायथ्याचे स्टूल

अतिदक्षता विभागातील परिचारिकेने थोडाच वेळ थांबायला सांगितले होते. मनोहररावांचे डोळे मिटलेले होते, चेहरा नळ्यांनी झाकलेला होता, आणि पांघरुणाबाहेर आलेली पावले तेवढी ओळखीची वाटत होती. मी त्या पावलांवर हात ठेवला. प्रार्थनेसाठी ओठ उघडले, पण जन्मभर ज्या शब्दांनी सोबत केली त्यांतला एकही पुढे आला नाही... दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेल्याचा फोन आला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

आम्ही दोघे शनिवार पेठेतल्या एकाच शाळेत शिक्षक होतो, मी संस्कृतचा आणि ते गणिताचे. आमच्या ख्रिस्ती मंडळीने आम्हा दोघांना वडील, म्हणजे मंडळीची काळजी वाहणारे ज्येष्ठ सभासद, म्हणून निवडले होते. आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणे हे वडिलांचे काम, आणि निवृत्तीनंतर ते आम्ही जोडीने करू लागलो. वाचन आणि प्रार्थना माझ्याकडे असे. मनोहरराव घरात शिरताच एक स्टूल मागत, ते खाटेच्या पायथ्याशी ओढून घेत आणि आजाऱ्याच्या पावलांवर हात ठेवून मुकाट बसत. माणसाला ग्लानी आली, ऐकू येईनासे झाले, तरी जवळ कोणी आहे हे पायांना कळते, असे त्यांचे म्हणणे. माझ्या लांबलचक, संस्कृतप्रचुर प्रार्थनांविषयी मात्र त्यांचे मत फारसे बरे नव्हते. एकदा धायरीतल्या एका घरातून बाहेर पडल्यावर चपला घालता घालता म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमचं आमेन येईपर्यंत पेशंट बरा होऊन चहा टाकायला उठेल."

उठण्याची त्यांची एक रीत ठरलेली होती. हात काढण्यापूर्वी ते आजाऱ्याकडे वाकून हळूच सांगत, "मी निघतो. तो थांबलाय." प्रभूने आपल्या माणसांना अखंड सोबतीचे वचन दिले आहे. त्या वचनावर मी तासभर निरूपण करी; त्यांनी ते दोन शब्दांत बसवले होते. वेदनांनी कंटाळलेल्या एका वृद्धेने त्यांना चिडून विचारले होते, कुठे थांबलाय, मला तर दिसत नाही. "मलाही दिसत नाही, काकू," ते म्हणाले. "म्हणून तर सांगावं लागतं."

त्या दिवशी परिचारिकेने दार उघडून धरले, तेव्हा मी म्हणालो, "मनोहरराव, मी निघतो." पुढचे वाक्य म्हणायचे होते. ओठ हलले, आवाज फुटला नाही... आणि हात काढावा लागला. ज्या माणसाने इतक्यांच्या पायथ्याशी बसून ते वचन सांगितले, त्याला ते सांगणारे शेवटी कोणी उरले नाही. वचन खरे आहे, यावर माझी श्रद्धा आजही अढळ आहे. पण रोज पहाटे प्रार्थनेला बसलो की ती उघडी पावलेच समोर येतात, आणि तिथून पुढे मला जाता येत नाही.

परवा वहिनींना, म्हणजे मनोहररावांच्या पत्नींना, भेटायला गेलो. त्यांच्या गुडघ्यांनी आता दावा मांडला आहे. त्या खाटेवरच होत्या. पायथ्याशी घरातले लाकडी स्टूल होते, ज्यावर बसून मनोहरराव रोज रात्री त्यांचे पाय चेपत. ते तिथून कोणी हलवलेले नाही. मी त्यावर बसलो नाही, खुर्ची ओढून घेतली, आणि रुग्णालयात जे घडले ते सारे त्यांना सांगितले.

"भाऊजी," मग त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून तो काय उठून गेला असेल?"

दिवेलागण होत आली होती. त्या घरात आता दुसरे कोणी नव्हते. मी उठलो, दारापाशी गेलो आणि म्हणालो, "वहिनी, मी निघतो..." पुढचे शब्द त्या दिवशीही आले नाहीत. वहिनींनी थोडी वाट पाहिली. मग त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत त्यांनीच वाक्य पुरे केले, आणि मला म्हणाल्या, जाताना दार नुसतं लोटून घ्या.